शिजवलं की अन्न 'मरतं' का?
व्हॉट्सअ‍ॅपवर परत फिरतंय ते, की गॅसवर ठेवलं की भाजीतले एन्झाईम (पेशीतली रासायनिक कामं घडवणारे पदार्थ) मरतात म्हणून सगळं कच्चंच खा, पचन आपोआप सुधारतं. अर्धं खरंय, उष्णतेने एन्झाईम मोडतात हे बरोबर, पण ते झाडाच्या कामाचे असतात हो, आपल्या पचनाचे नाहीत, आणि कच्चे खाल्ले तरी पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये बहुतेक मोडतातच, शेवटी तीही प्रोटीनच. आपलं पचवायला लाळ आणि स्वादुपिंड स्वतःचे एन्झाईम बनवतात.

व्हिटॅमिन सी शिजवताना कमी होतं हे मान्य, भाजी उकळून पाणी सिंकमध्ये ओतलं तर जास्तच. पण टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शिजवल्यावर, त्यात चमचाभर तेल असेल तर अजून चांगलं लागतं अंगी. आणि राजमा? कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रोटीनने काही तासांत उलट्या सुरू होतात, नीट १० मिनिटं खदखदून उकळल्याशिवाय ते जात नाही.

मोड आलेली मटकी कच्ची खाणं मंजे हेल्दीच असं वाटतं ना, पण मोड यायला लागते तीच ऊब-ओल जंतूंनाही आवडते, २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांवरून ई. कोलाय हा जंतू पसरला आणि ५० च्या वर माणसं गेली. आमच्याकडे मटकीला निदान एक वाफ देतातच.

जर्मनीतच बहुतेक सगळं कच्चंच खाणाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये छापून आला, त्यात ४५ च्या आतल्या जवळपास ३०% बायकांची पाळी अनियमित किंवा बंदच झालेली, वजन फार उतरल्यामुळे. काकडीची कोशिंबीर खा की रोज, त्याला कोण नको म्हणतंय.