लायपोसक्शन: जपायचे तास घरी गेल्यावरचे

लायपोसक्शनची चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती किलो उतरतील?’ हाच असतो. पण ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नाही. त्वचेखालची चरबी निघते. आतड्यांभोवतीची, मधुमेहाशी जास्त नातं असलेली चरबी जागच्या जागी राहते. २००४ साली अमेरिकेत १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची जवळपास दहा किलो चरबी काढून पाहिली गेली. तीनेक महिन्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादात आणि रक्तदाबात काहीही सुधारणा नव्हती. आहार-व्यायामाला न दाद देणारी एखाद्या जागची चरबी कमी करून आकार सुधारणं, एवढंच या उपचाराचं काम.

सत्तरच्या दशकात इटलीतल्या फिशर पिता-पुत्रांनी आणि मग फ्रान्सच्या इलूझ यांनी बोथट नळीने, म्हणजे कॅन्युलाने, चरबी ओढून घ्यायची पद्धत रुळवली. अडचण रक्तस्रावाची होती. कोरड्या पद्धतीत बाहेर येणाऱ्या ऐवजात रक्ताचा वाटा पाचव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाई. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी यावरचा तोडगा प्रसिद्ध केला. सलाइनमध्ये अगदी पातळ केलेलं लिडोकेन आणि थोडं एपिनेफ्रिन मिसळायचं आणि ते द्रावण चरबीत इतकं भरायचं की तो भाग टणक फुगतो. लिडोकेनने जागा बधिर होते, एपिनेफ्रिनने रक्तवाहिन्या आकसतात. रक्ताचं प्रमाण यामुळे साधारण एक टक्क्यावर आलं. आज लेसर, अल्ट्रासाउंड, थरथरणारी नळी अशा नावांच्या जाहिराती दिसतात, पण त्यांतही आधी द्रावण भरावंच लागतं. माझ्या मते यंत्राच्या नावापेक्षा हे द्रावण भरणारा हात किती अनुभवी आहे, हे विचारणं जास्त मोलाचं.

या द्रावणाची गंमत आणि धोका एकाच ठिकाणी आहेत. एरवी एपिनेफ्रिनसह लिडोकेन देताना दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. इथे ३५ मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, कारण चरबीत रक्तपुरवठा कमी, वाहिन्या आकसलेल्या, त्यामुळे औषध रक्तात हळूहळू उतरतं. पण म्हणूनच रक्तातली त्याची पातळी शिगेला पोचते ती साधारण बारा तासांनी. सकाळी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तोवर घरी झोपलेला असतो! ओठ-जीभ बधिर होणं, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, गरगरणं, स्नायू फडफडणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्या रात्री सोबत जागं, जाणतं माणूस हवंच. आधी चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. बुरशीसाठीचं इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यकृतात लिडोकेनची विल्हेवाट लांबवतात, आणि त्वचेवरच्या गजकर्णाची गोळी कुणी या संदर्भात सांगण्यासारखी समजत नाही.

इतर धोके विरळ, पण जिवावरचे. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं, हे त्यातलं मोठं. चरबीचे कण रक्तात शिरू शकतात. हर्निया किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असेल तर नळी पोटाच्या आत जाऊ शकते. म्हणून एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर रुग्णालयात राहून, देखरेखीखालीच. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकच पोटरी सुजली तर थेट इस्पितळ गाठावं.

पहिले एक-दोन दिवस टोचलेल्या छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपतं. चादर भिजते, घरचे घाबरतात. पण ते बहुतेक भरलेलं द्रावणच असतं. त्याच दिवशी थोडं चालायचं. दाबपट्ट्याचे घट्ट कपडे काही आठवडे घालायचे. काळेनिळे डाग दोनेक आठवड्यांत जातात, सूज मात्र रेंगाळते, आणि खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. तोवर एक बाजू उंच, एक सखल वाटली तरी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायची घाई करू नये.