इंटरनेट जोडणीतील प्रोग्रामविशिष्ट बिघाड

घरगुती संगणकावर इंटरनेट चालू असूनही ठरावीक प्रोग्रामलाच जोडणी न मिळण्याचा दोष. ब्राउझरमध्ये संकेतस्थळे नीट उघडतात. ईमेलचा प्रोग्राम, एखादा खेळ किंवा अपडेट उतरवणारी सेवा मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढेच सांगून थांबते.

निदानाच्या क्रमाविषयी दोन मते आढळतात. केबल, वाय-फाय, आयपी पत्ता असे खालून वर तपासत जावे, ही नेटवर्क प्रशिक्षणातील जुनी रीत. परंतु या दोषात ब्राउझर चालतो, म्हणजे खालचे थर बहुतांशी शाबूत असल्याचा पुरावा हाती असतोच. त्यामुळे चालणारा व अडलेला प्रोग्राम यांच्या वाटा ताडून पाहण्याची पद्धत अधिक फलदायी ठरते.

वैयक्तिक संगणकांवर फायरवॉलचा (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रसार साधारणतः १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला असावा. विंडोज एक्सपीत ती २००१ पासून होती. मुळातच चालू स्थितीत येऊ लागली ती २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारी जोडणी सहसा अडवत नाही. अडवते ती बहुधा अँटिव्हायरससोबत आलेली. तिचा नियम अनेकदा प्रोग्रामच्या फाइलच्या पूर्ण पाथशी बांधलेला असतो. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली की जुनी परवानगी लागू होत नाही. तपासणीपुरती फायरवॉल दोन-तीन मिनिटे बंद करावी. प्रोग्राम चालला तर ती लगेच सुरू करून नव्या पाथचा नियम घालावा. फायरवॉल कायमची बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

ब्राउझरचे काम बहुतांशी पोर्ट (सर्व्हरवरील सेवेचा क्रमांक) ४४३ वर भागते. ईमेल पाठवण्यास ५८७ किंवा ४६५ आणि आयमॅप या पद्धतीने आणण्यास ९९३ लागतो. पोर्ट २५ अनेक सेवादाते स्पॅम रोखण्यासाठी बंद ठेवतात. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड खिडकीतील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या कमांडला सर्व्हरचे नाव व पोर्ट दिल्यास तो पोर्ट खुला आहे का याचा उलगडा होतो. ‘पिंग’ला (सर्व्हर प्रतिसाद देतो का ते पाहणाऱ्या कमांडला) उत्तर येण्या-न येण्यावरून पोर्टविषयी काहीच ठरत नाही.

प्रॉक्सीच्या (मध्यस्थ सर्व्हरच्या) नोंदी विंडोजमध्ये दोन जागी असतात : एक वापरकर्त्याची, दुसरी पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांची. दुसरी ‘नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ या कमांडने दिसते. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये प्रॉक्सी व डीएनएसची (नावावरून आयपी पत्ता शोधण्याची) वेगळी सोय असू शकते. म्हणून तो चालला तरी संगणकाचा डीएनएस निर्दोष ठरत नाही. नावे व पत्ते नोंदणाऱ्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये राहून गेलेली जुनी ओळही पाहावी.

जोडणी सांकेतिक करणाऱ्या टीएलएस प्रोटोकॉलच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आयईटीएफ या इंटरनेट-मानक संस्थेने कालबाह्य ठरवल्यावर त्यांवर विसंबलेले जुने प्रोग्राम अनेक सर्व्हरवर नाकारले जातात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांना ओळख-प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतील जुन्या रूट (मूळ) प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा टीएलएससाठी ओपनएसएसएल १.०.२ हे सॉफ्टवेअर वापरणारे प्रोग्राम अडले. अद्ययावत ब्राउझर चालत राहिले. मदरबोर्डवरील सेल उतरून तारीख मागे गेली तरी प्रमाणपत्रे अवैध ठरतात.

पॅकेटच्या (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या) आकाराचा दोष ओळखण्यास सर्वांत अवघड. इथरनेटवर एमटीयू (पॅकेटची कमाल मर्यादा) १५०० बाइट असतो. पीपीपीओई (ब्रॉडबँडचा एक लॉगिन-प्रकार) जोडणीत ८ बाइट खर्ची पडून १४९२ उरतात. व्हीपीएनमध्ये ही मर्यादा आणखी घटते. वाटेतील सर्वांत लहान मर्यादा शोधण्याची रीत आरएफसी ११९१ या इंटरनेट-मानक दस्तऐवजाने १९९० मध्ये मांडली. ‘पॅकेट मोठे आहे’ या आयसीएमपी (नेटवर्कवरील त्रुटी कळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) संदेशावर ती अवलंबून आहे. मधल्या एखाद्या फायरवॉलने तो संदेश गिळला की लॉगिन होते, पत्रांची यादी दिसते, पण मोठी अटॅचमेंट पाठवताना गाडी अडते. अनेक संकेतस्थळे वापरतात तो क्विक प्रोटोकॉल सुरुवातच १२०० बाइटांच्या आसपास करतो, म्हणून तो वापरणारी संकेतस्थळे सुरळीत दिसतात व संशय प्रोग्रामवरच जातो. पडताळणीसाठी ‘पिंग’ला ‘-एफ -एल १४७२’ (१४७२ बाइट न तोडता पाठवणे) द्यावे. २८ बाइटांचे हेडर मिळून १५०० होतात. हे अडले आणि १४६४ गेले, तर मर्यादा १४९२. दोष आयसीएमपी अडवणाऱ्याचा, की मुळात या रीतीचाच, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आरएफसी ४८२१ ने २००७ मध्ये आयसीएमपीवर न विसंबणारा मार्ग सुचवला. घरच्या वापरकर्त्याचा हात मधल्या फायरवॉलपर्यंत पोचत नसल्याने राउटरवर टीसीपीचा एमएसएस (हेडर वगळून पॅकेटमधील माहितीची मर्यादा) १४५२ वर बांधणे हाच व्यवहार्य उपाय दिसतो.

विनसॉकमध्ये (विंडोजच्या नेटवर्क-जोडणीच्या भागात) शिरणारे एलएसपी हे जोड-प्रोग्राम हे जुन्या विंडोजवरील दोषकारण. ३२ व ६४ बिट प्रोग्रामचे विनसॉक कॅटलॉग (एलएसपींच्या नोंदी) वेगळे असल्याने, अँटिव्हायरस अर्धवट काढला गेल्यास कधी केवळ ३२ बिट प्रोग्रामच बंद पडतात. ‘नेटश विनसॉक रीसेट’ ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवून संगणक पुन्हा सुरू करावा.