लाइन गेली, मजकूर कुठे गेला?

मृग लागला की विदर्भातल्या खेड्यापाड्यांत आधी वारा सुटतो आणि पाठोपाठ लाइन जाते. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचं प्रोसीडिंग टाइप करणारी ताई असो, की तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात कोणाचा प्रबंध बसवणारा पोरगा, दोघांचाही स्क्रीन एकाच क्षणी काळा होतो. लाइन परत आल्यावर मात्र जी घाई होते, तिच्यात पुष्कळदा विजेपेक्षा जास्त नुकसान होतं. जो मजकूर सहज परत मिळाला असता तो आपल्याच हातानं पुसला जातो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपण टाइप करतो ती अक्षरं आधी संगणकाच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, असतात. रॅममध्ये प्रत्येक बिटसाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो आणि त्यातला विद्युतभार सतत गळत राहतो. म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की हे भरणं थांबतं. मजकूर डिस्कवर उतरला असेल तरच टिकतो.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये थोडी वीज साठलेली असते, पण ती पुरते जेमतेम 16-17 मिलिसेकंद. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं. इन्व्हर्टर सहसा तेवढ्यात बॅटरीवर जात नाही, त्यामुळे तो घरी असूनही संगणक बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक बटण असतं, त्यात ‘यूपीएस मोड’ निवडला तर बॅटरीवर जाणं झटकन होतं. पण त्या मोडमध्ये इन्व्हर्टरला कमी व्होल्टेज चालत नाही. ओलिताच्या दिवसांत, गावातले पंप चालू झाले की तो उगाच वरचेवर बॅटरीवर जातो, म्हणून लोक ते बटण दुसऱ्या बाजूला करून ठेवतात. अशा ठिकाणी एकट्या संगणकापुरता छोटा यूपीएस, म्हणजे लाइन जाताच संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, घेतलेला बरा. ग्रामपंचायतीनं तो घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

यूपीएस नसला तरी वर्ड आपल्या परीनं काळजी घेत असतं. दर 10 मिनिटांनी ते चालू मजकुराची एक नक्कल बाजूला लिहून ठेवतं. ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे जाऊन हे 10 काढून 1 करा. लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच फुकट सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय आहे. दहा मिनिटांत सराईत हात पानभर मजकूर सहज टाइप करतो, त्यामुळे हा एक आकडा बदलणं हे या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

लाइन आल्यावर वर्ड उघडा. डावीकडे बचावलेल्या फायलींची यादी दिसेल. घाईत ती यादी बंद करू नका. प्रत्येक फाईल उघडून वेळ बघा, आणि जी सगळ्यात ताजी असेल ती नव्या नावानं सेव्ह करा. एकदाही सेव्ह न केलेली फाईल हरवली असेल, तर ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’, ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ या वाटेनं जा. अशा नकला साधारण चार दिवस राहतात, म्हणून आठवड्यानं शोधू म्हणून भागत नाही.

मागच्या ग्रामसभेची फाईल उघडून तिच्यावरच नवे ठराव टाइप करणं, ही सवय तर सगळीकडे दिसते. सेव्ह दाबलं की जुनं प्रोसीडिंग गेलं. पण फाईल अजून बंद केलेली नसेल, तर सेव्ह झाल्यानंतरही कंट्रोल-झेड दाबत मागे जाता येतं. जुना मजकूर आला की एफ-12 दाबून तो वेगळ्या नावानं ठेवा. जुना मजकूर वेगळा ठेवेपर्यंत फाईल बंद करू नका, एवढंच.

आता सगळ्यात चिवट दुखणं. दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन कोणी येतं आणि म्हणतं, “भाऊ, फाईल तं दिसते, पण उघडूनच नाही राहिली.” वर्डची 2007 पासूनची डॉक्स फाईल म्हणजे खरं तर एक झिप गठ्ठा असतो. आत चित्रं वेगळी, अक्षरांची सजावट वेगळी आणि मजकूर ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एका एक्सएमएल फायलीत. या फाईलची एक नक्कल काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरं दिसली तर आशा आहे. झिपची रचना करणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. सगळं कोरं दिसलं, तर वीज जाताना डिस्कवर फाईलची जागा धरली गेली पण आत मजकूर उतरलाच नाही. अशा फायलीवर पैसे मोजून कोणी काही काढून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. जुनी प्रत शोधा.

‘पी’, ‘के’ असूनही फाईल उघडत नसेल, तर बहुधा शेवटचा भाग तुटलेला असतो. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते आणि पेन ड्राइव्ह कॉपी पूर्ण होण्याआधी ओढला की पहिला घाव तिच्यावरच बसतो. अशा वेळी वर्डमधलं ‘ओपन अँड रिपेअर’ किंवा झिप उघडणारं सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर वापरून आतला मजकूर पुष्कळदा निघतो. पेन ड्राइव्हवरची फाईल थेट उघडून तिच्यावर काम करू नये, ते याचसाठी. आधी डिस्कवर घ्यावी, काम झालं की परत टाकावी.

फाईल चुकून डिलीट झाली तर आधी रिसायकल बिन बघा. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र तिथे जात नाही. जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे ती जागा मोकळी असल्याची फक्त नोंद होते आणि मजकूर नवं काही वर येईपर्यंत तिथेच राहतो. म्हणून त्या डिस्कवर काही डाउनलोड करू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. ते दुसऱ्या डिस्कवरून चालवा. एसएसडीवर, म्हणजे चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्कवर, अशी सवड सहसा मिळत नाही, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करते.

मराठीपुरती एक गोष्ट वेगळी आहे. जुन्या दुकानांत अजून कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. त्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाला दिसतो तो ‘ई, जे, के, बी, एच’ असा इंग्रजी अक्षरांत, देवनागरी रूप फक्त फॉन्टमुळे येतं. त्यामुळे बिघडलेल्या फाईलमधून काढलेला मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो आणि लोक तो कचरा समजून टाकून देतात. टाकू नका. सगळा सिलेक्ट करा, वरून कृतिदेव फॉन्ट लावा, ओळी पुन्हा वाचता येतील.