शेततळ्याचा निसरडा कागद आणि पाच वर्षांचं लेकरू

‘तिकडं जाऊ नको, बागुलबुवा आहे.’ आडावर, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आयांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं, काळजीपोटीच सांगितलं. पण २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मराठवाड्यातल्या रानारानांत शेततळी दिसू लागली. त्यातल्या बऱ्याच तळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओल्या, शेवाळलेल्या कागदाच्या उतारावर पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर यायला काही धरता येत नाही. लेकरू एक दिवस काठापर्यंत जातं, बागुलबुवा कुठंच दिसत नाही. भीती तिथंच संपते, आणि कागद निसरडा असतो हे तर त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कशामुळे काय होतं हे शोधायची ओढ लेकरात फार लवकर येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांचा १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या घोट्याला फीत बांधली आणि तिचं दुसरं टोक पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला जोडलं. पाय झाडला की खेळणं हलायचं. काही मिनिटांतच बाळं पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त पाय झाडू लागली. मान धड न सावरणाऱ्या बाळानं ‘हे माझ्यामुळे होतंय’ हे पकडलं होतं.

मात्र इथं वेळेला फार महत्त्व आहे. १९७९ मधल्या एका प्रयोगात सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांच्या हालचालीचा प्रतिसाद अवघ्या ३ सेकंदांनी उशिरा दिला, तर त्यांना संबंध लागेना. चार-पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा लांबचं जोडता येतं, हे खरं. तरी सकाळी धाकट्या भावाला ढकललं आणि मार मिळाला संध्याकाळी, बाप रानातून आल्यावर, तर त्या लेकराच्या मनात मार जोडला जातो बापाच्या येण्याशी. त्यापेक्षा तिथल्या तिथं ‘बघ, त्याचं ढोपर खरचटलं, आता काय करायचं?’ असं विचारून त्यालाच पाणी आणि फडकं आणायला लावणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

उन्हाळी भुईमुगाला पाणी चालू असलं की दारं धरणाऱ्या बापाच्या मागं पाच-सहा वर्षांची पोर हमखास असते. एक वाफा भरला की बाप खोऱ्यानं त्याचं दारं बुजवतो, पुढच्याचं मोडतो. पोरीलाही एक दारं बुजवायचं असतं. ती ओंजळभर चिखल आणून टाकते, तो वाहून जातो. दुसरा गोळाही जातो. मग वाळलेलं ढेकूळ आणते; ते जरा टिकतं, पण विरघळतं. शेवटी ती बांधावरचा दगड आणून आडवा ठेवते, फटीत धसकट कोंबते, वरून चिखल लिंपते. पाणी थांबतं. पण थांबलेलं पाणी मागं तुंबतं आणि पाट भलत्याच ठिकाणी फुटतो! आता तिच्यापुढं नवाच प्रश्न उभा. चिखलानं माखलेल्या या पोरीनं अंदाज केला, तो खोटा ठरला, तिनं साहित्य बदललं, आणि एक अडचण सोडवली की दुसरी उभी राहू शकते हेही पाहिलं.

अशा वेळी ‘सर बाजूला, मी करतो’ हे तोंडावर येतंच. मोटारीला वीज थोडाच वेळ असते. पण जमेल तेव्हा थांबावं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना चार करामती दडलेलं एक खेळणं दिलं. ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून एक करामत शिकवलेली मुलं बहुतेक तेवढंच करत राहिली. ज्यांना मुद्दाम शिकवलं नव्हतं, त्यांनी इतर करामतीही जास्त शोधल्या. मोठ्यांनी दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार, असा मुलांचा हिशोब असतो, आणि तो शहाणपणाचाच आहे.

मग मोठ्यांनी दाखवायचं काय? धडपड. २०१७ मध्ये ज्युलिया लेनर्ड आणि शुल्झ यांच्या गटाला आढळलं की, मोठ्या माणसाला खटपट करून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून यश मिळवताना पाहिलेली साधारण सव्वा वर्षाची बाळंसुद्धा नंतर स्वतःच्या खेळण्याचं बटण जास्त वेळा दाबून पाहतात. जनावराच्या दाव्याची घट्ट बसलेली गाठ सोडवताना ‘इकडून निघेना, आता तिकडून बघू’ असं मोठ्यानं बोलायला काही पैसे पडत नाहीत.

वयाचं भानही हवं. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मुलांना खरोखरच तसं कोडं घातलं, तेव्हा आठ वर्षांपुढची मुलं पहिल्या झटक्यात सोडवू शकली. पाच ते सातच्या मुलांना काही वेळा करून पाहावं लागलं.

आणि कळलं म्हणजे वळलंच असंही नाही. तीन वर्षांच्या मुलांना आधी रंगानुसार पत्ते लावायला सांगतात, मग आकारानुसार. ‘आता कसे लावायचे?’ विचारलं तर नवा नियम बरोबर सांगतात, आणि हात मात्र रंगानुसारच पत्ते लावत राहतो. फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे मांडलं. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पक्का व्हायला विशी उलटावी लागते. ‘सांगितलं होतं, तरी गेलं’ यात बरेचदा हट्ट नसतो.

म्हणून शेततळ्यासाठी दोन कामं करावीत. घरी उरलेला कागदाचा तुकडा तळ्यापासून लांब, मातीच्या ढिगाच्या उतारावर अंथरा, तांब्याभर पाणी ओता आणि लेकराला विचारा, ‘चढता येईल का?’ उत्तर ऐकून घ्या, मग हात धरून चढू द्या. ते घसरेल, हसेल, पुन्हा चढेल, पुन्हा घसरेल. मग विचारा, ‘तळ्यात असाच कागद आहे. तिथं पाय घसरला तर?’ एवढं विचारून गप्प बसा आणि त्याला बोलू द्या.

दुसरं काम लेकराच्या समजुतीवर सोडता येत नाही. तळ्याला चहूबाजूंनी जाळीचं कुंपण, कुलूप लागणारं फाटक, आणि काठावरच्या भक्कम खुंट्यांना बांधून पाण्यापर्यंत सोडलेले, गाठी मारलेले दोर. हे मोठ्यांनी करायचं, पहिल्या पावसाच्या आत.