मेडिकलच्या ‘मॅनेजमेंट’ मुलाखतीचा खुलासा

नीटचा निकाल लागला की एक समज दरवर्षी नव्याने फिरतो: खासगी कॉलेजात एमबीबीएसला मुलाखत असते, ती ‘सांभाळणारा’ माणूस ओळखीचा हवा. अशी मुलाखत नसते. महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांच्या जागा, संस्था (म्हणजे मॅनेजमेंट) कोट्यातल्यासुद्धा, राज्याच्या प्रवेश यंत्रणेच्या, म्हणजे सीईटी सेलच्या, फेऱ्यांतून भरतात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या एमसीसीतून, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटीतून. दोन्हीकडे नीटची गुणवत्ता यादी आणि पसंतीक्रम. कॉलेजात जायचं ते कागदपत्रं तपासायला आणि फी भरायला. (फीचा आकडा पाहून घाम फुटतो, ते वेगळं.)

समजाला जुनं मूळ आहे. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) आपले विद्यार्थी स्वतःच्या परीक्षेने आणि मुलाखतीने निवडायचं. नीट आल्यावर त्यांनी हा हक्क सोडायला नकार दिला. 2017 मध्ये तर एमबीबीएसला एकच विद्यार्थी घेतला! अखेर एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक ठरवली.

खरी मुलाखत उरली ती पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात. तिथेही आधी नीटच्या गुणांवर निवड, मग इंग्रजी आणि तर्काची छोटी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी. पाठ केलेलं ‘मला देशसेवा करायची आहे’ तिथे फार टिकत नाही, कारण पुढचा प्रश्न ‘म्हणजे नेमकं काय?’ असाच येणार. शिक्षणानंतर सैन्यदलात डॉक्टर म्हणून सेवेचा बाँड असतो. तो घरच्यांसोबत आधी वाचून जा.

बाकी कुणी ‘मुलाखतीची तयारी’ म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.