थर्मोस्टॅट (मोटारीचा) : जागा, तपासणी व बदल

इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) वाट उष्णतेनुसार उघडणारी आणि बंद करणारी झडप. गॅरेजात तिला सहसा ‘थर्मोस्टॅट वॉल’ म्हणतात. झडपेच्या मध्यभागी धातूची लहानशी डबी असते आणि तिच्यात मेण. तापल्यावर मेण वितळून फुगते, दांडीला रेटते आणि स्प्रिंगला न जुमानता झडप उघडते; थंड होताच स्प्रिंग ती मिटवते. मेणाची ही रचना १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट याने पुढे आणली. उघडण्याचे तापमान बहुधा झडपेवरच कोरलेले असते. बहुतेक गाड्यांत ते ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. भर दुपारी तुळजापूरचा घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला की ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतोच कशाला, काढून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. बाहेर ४२ अंश असले तरी इंजिनाला नव्वदीच्या आसपासच चालायचे असते. झडप काढली की इंजिन उशिरा तापते, गाडीतला संगणक जास्त इंधन सोडत राहतो, मायलेज घटते आणि न जळलेले पेट्रोल ऑइलात उतरते. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती नसेल तर काही कुलंट रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम परत फिरतो, आणि ज्या भीतीने झडप काढली तेच घडते.

झडप शोधायला रेडिएटरच्या वरच्या होज पाइपचा माग काढावा. तो इंजिनाला जिथे मिळतो तिथल्या दोन-तीन बोल्टच्या झाकणाखाली ती बहुधा सापडते. काही इंजिनांत मात्र ती खालच्या पाइपाकडे, वॉटर पंपाजवळ असते. नव्या गाड्यांत पुष्कळदा प्लास्टिकच्या घरासकट अख्खा संच बदलावा लागतो. झडप वरच्या बाजूला असेल तर गाडी थंड असताना सुरू करून वरचा पाइप चाचपावा, पंख्यापासून हात दूर ठेवून. काही मिनिटे तो गारच राहून एकदम तापला तर झडप ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर ती उघडीच अडकली आहे. काटा लालकडे गेला तरी पाइप गार असेल तर बंद अडकल्याचा दाट संशय घ्यावा. अशा वेळी गाडी ताबडतोब बंद करावी, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचा माथा आणि ब्लॉक यांमधले सील) उडते.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाबाखालचा कुलंट उसळून तोंड-हात भाजतो. थोडा कुलंट खाली काढून, पाइप सोडवून बोल्ट काढावेत. जुने गॅस्केट खरवडून बैठक स्वच्छ करावी. अॅल्युमिनियमला चरे पडू देऊ नयेत. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र असल्यास ते वर. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत.

नवी झडपही बसवण्याआधी तपासलेली बरी. तिच्या फटीत दोरा चिमटून ती पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकेल अशी लोंबकळत सोडावी, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवावे. झडप उघडली की दोरा सुटतो आणि ती टपकन खाली पडते. त्या क्षणाचे तापमान कोरलेल्या आकड्याशी जुळले पाहिजे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने येथे पाणी शंभरच्या थोडे आधीच उकळते, पण या चाचणीला तेवढे पुरते.

कुलंट पुन्हा भरताना बोअरचे पाणी टाळावे. त्यातले क्षार झडपेच्या बैठकीवर थर धरतात. तयार कुलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेला कुलंट वापरावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवले की एअर लॉक (पाइपांत अडकलेली हवा) सुटायला मदत होते. काढलेला कुलंट उघड्यावर वा गटारात ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना कुलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा पाहावी. उरलेली हवा निघाल्यावर ती थोडी खाली गेलेली असते.