मेहाम्नचं बंड आणि गामविकचा मासा

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्क प्रांतात, गामविक नावाची नगरपालिका आहे. नगरपालिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं इथे फारसं काही नाही. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर आणि माणसं जेमतेम अकराशे. आपल्याकडे एखाद्या गृहसंकुलात याहून जास्त राहतात. मेहाम्न आणि गामविक ही त्यातल्या त्यात मोठी गावं. श्योनेस, नेरवेई, लांगफ्योर्डनेस या फियोर्डांच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांच्या, काठच्या वाड्या. झाडं जवळपास नाहीतच, आणि नोव्हेंबरच्या शेवटी मावळलेला सूर्य दोन महिने तोंड दाखवत नाही. युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात उत्तरेचं टोक, किन्नारोडन, याच परिसरात येतं. पर्यटक ज्याला उत्तर टोक समजून फोटो काढतात ते नॉर्डकॅप खरं तर एका बेटावर आहे.

अशा जागी माणूस राहिला तो माशामुळे. वसंतात कॅपलिन नावाच्या बोटभर माशांचे थवे अंडी घालायला किनाऱ्याशी येतात आणि त्यांच्या मागे कॉड येतो. लहानपणी नाक दाबून गिळलेलं कॉडलिव्हर ऑइल ज्याच्या यकृताचं, तोच हा मासा. डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, दोन-दोन माशांची शेपट्यांशी जोडी बांधायची आणि लाकडी मांडवावर टांगायची. मीठ लागत नाही. थंडी आणि वारा मिळून मासा लाकडासारखा कडक करतात. पण ऊन चढून माशा घोंगावू लागल्या की मांडवावरचा मासा किडतो. त्या दिवसांना तिथे नावच होतं, 'अळ्यांचा काळ'. नेमक्या त्याच वेळी श्वेत समुद्राकडून रशियन पोमोर व्यापारी जहाजं घेऊन यायचे, ताजा मासा घेऊन जहाजावरच खारवायचे आणि बदल्यात राईचं पीठ द्यायचे. या देवघेवीतून रशियन आणि नॉर्वेजियन शब्दांची खिचडी असलेली एक बोलीसुद्धा तयार झाली. १९१७ च्या क्रांतीनंतर हा व्यापार आटला, आणि त्याबरोबर बोलीही गेली.

या चक्राला पहिला मोठा धक्का दिला तो देवमाशाच्या शिकारीनं. दक्षिण नॉर्वेतल्या टोन्सबर्गच्या स्वेन्ड फोयननं स्फोटक भाल्याच्या तोफेचं तंत्र पक्कं केलं आणि फिनमार्कच्या किनाऱ्यावर देवमाशांची चरबी वितळवणारे कारखाने उभे राहिले. एक मेहाम्नलाही होता. कोळ्यांचं म्हणणं साधं होतं: देवमासा कॅपलिनला किनाऱ्याकडे हाकलतो, कॅपलिनमागे कॉड येतो, देवमासा मारलात तर आमच्या दारात मासा येणार कसा? शास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं, आणि आजच्या माहितीवर जोखलं तर कोळ्यांचा तर्क पुरता टिकत नाही. पण त्या वर्षांत मासा खरोखरच रुसला होता, आणि कारखान्याचा धूर मात्र रोज दिसत होता. अर्ज-विनंत्या झाल्या, राजधानीनं दाद दिली नाही. जून १९०३ च्या सुरुवातीला मेहाम्नला जमलेल्या हजाराहून जास्त कोळ्यांनी तो कारखाना जमीनदोस्त केला. सरकारनं सैनिक पाठवले. पण त्याच वर्षी संसदेनं कायदाही केला, आणि १९०४ पासून दहा वर्षं उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर देवमाशाच्या शिकारीला बंदी आली. १९०३ च्याच निवडणुकीत मजूर पक्षाचे पहिले खासदार उत्तर नॉर्वेनंच निवडून दिले. मला वाटतं, कोळ्यांनी जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई.

दुसरा घाव दुसऱ्या महायुद्धाचा. १९४४ च्या शरदात रशियन फौजा पुढे सरकल्या तशा जर्मनांनी माघार घेताना फिनमार्क जाळत नेला. घरं, बोटी, माशांचे मांडव, विजेचे खांब, काहीच सोडलं नाही. १९०५ मध्ये उभा राहिलेला स्लेटनेसचा दीपस्तंभही उडवला; तो १९४८ मध्ये पुन्हा पेटला. सुमारे ५०,००० लोकांना सक्तीनं दक्षिणेला नेलं, पण कितीतरी जण गुहांत आणि मातीच्या झोपड्यांत लपून राहिले. ६ मे १९४५ ला, शरणागतीला दोन दिवस उरले असताना, हॉप्साइडेत या चिंचोळ्या संयोगभूमीवर जर्मन पाणबुडीच्या लोकांनी सहा जणांना गोळ्या घातल्या. गावं पुन्हा बांधली गेली, पण सगळी नाही. तानाफियोर्डच्या मुखाशी डोंगराच्या पायथ्याला फिनकोंगकेइला नावाचं गजबजलेलं मच्छीमार गाव होतं. हिमकडे कोसळण्याचा धोका म्हणून तिथे घरं बांधायला परवानगीच मिळाली नाही. लोक आसपासच्या गावांत पांगले.

तिसरा घाव कागदावरचा होता, म्हणून त्याचे फोटो नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कॅपलिनची संख्या कोसळली. भुकेलेले सील कळपांनी किनाऱ्याला आले आणि जाळ्यांत माशाऐवजी सीलच अडकू लागले. १८ एप्रिल १९८९ ला किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी थांबवली गेली, आणि १९९० पासून नौकांना कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा याचा ठरलेला वाटा, आला. कोटा कोणाला? १९८७ ते १९८९ या वर्षांत ज्यांनी पुरेसा मासा आणला त्यांना. म्हणजे ज्या वर्षांत इथल्या लोकांची जाळी सीलनं फाडली, त्याच वर्षांचा हिशोब धरला गेला. फियोर्डांतल्या सागरी सामी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, कोळ्यांना हे सगळ्यात जास्त झोंबलं. पुढे अनेक नौकांचे कोटे एकाच नौकेवर चढवायची मुभा मिळाली, आणि नौका विकली की कोटाही गावाबाहेर जाऊ लागला.

मधल्या काळात पूर्वेकडून भलताच पाहुणा आला होता. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मुर्मान्स्कच्या किनाऱ्यावर सोडलेला कामचाटकाचा लाल राजखेकडा. सुरुवातीला कोळ्यांनी त्याला शिव्याच घातल्या, कारण तो जाळी फाडायचा आणि अडकलेला मासा खायचा. २००२ पासून त्याची व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि आता तो कॉडपेक्षा कितीतरी महाग विकला जातो. २६ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे गामविकच्याही पाण्यात, त्याचा कोटा स्थानिक नौकांसाठी राखलेला आहे. अट एवढीच, की पूर्ण कोटा हवा असेल तर वर्षात ठरावीक रकमेचा दुसरा मासाही विकलेला हवा.